हौसला येतो कुठून?

दहावीचा निकाल लागला की एकाच मोहल्ल्यातल्या दोन घरांत कधी कधी एकसारखी बातमी येते. दोन्ही मुलांचे गणित आणि इंग्रजी राहिलेले असते. दोघांच्या घरची परिस्थिती सारखी, बुद्धी सारखी, अभ्यासातला आळसही जवळपास सारखाच. पंधरा दिवसांनी पाहावे तर एकाने पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरलेला असतो आणि वह्या पुन्हा बाहेर काढलेल्या असतात. दुसरा कुणाच्या तरी गॅरेजवर बसू लागलेला असतो आणि शाळेसमोरून जाताना मान वळवतो. दोघे एकाच जागी पडले. एक उठला, एक उठला नाही.

लोक म्हणतात, "तो मुळातच खंबीर पोरगा आहे." आम्ही गेली वीस वर्षे नववी-दहावीच्या वर्गांना शिकवतो, पण हे उत्तर आम्हाला कधी पटलेले नाही. उठलेल्या मुलाशी जरा निवांत बोलले की बहुतेक वेळा एखादे नाव निघते. कुणी मामू असतो, कुणाची दादी असते, आणि बऱ्याचदा एखादे सर किंवा बाजी असतात. निकालाच्या संध्याकाळी त्यांनी फोन केलेला असतो, किंवा रस्त्यात थांबवून म्हटलेले असते, "उद्या शाळेत ये, फॉर्म भरू." एवढेच. मुलाला मात्र ते वर्षानुवर्षे आठवत राहते.

संकट झेलून पुन्हा उभे राहण्याच्या या ताकदीला मानसशास्त्रात रेझिलियन्स म्हणतात. मराठीत कुणी मानसिक लवचीकता म्हणते, कुणी कणखरपणा. आपल्या घरांत उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा नांदतात, म्हणून आपल्याकडे आणखी दोन चांगले शब्द आहेत. उर्दूत हौसला आणि मराठीत उभारी. हौसला हा मूळचा अरबी शब्द. त्याचा जुना अर्थ पक्ष्याच्या गळ्याखालची दाणे साठवायची पिशवी असा आहे. म्हणजे कुणात किती सामावते, याचे ते माप झाले. पण पिल्लाची ती पिशवी आपोआप भरत नाही, कुणीतरी दाणा आणून चोचीत घालावा लागतो. उभारीचेही तसेच. मराठीत आपण "उभारी दिली" असे म्हणतो. देणारा कुणीतरी लागतोच.

या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. मुलांचा हौसला जन्मतः ठरून येत नाही, तो माणसांच्या सहवासात तयार होतो. आणि तेरा ते अठरा या वयात, जेव्हा मूल घरापासून थोडे दूर सरकत असते, तेव्हा त्यात शिक्षकाचा वाटा फार मोठा असू शकतो.

हेच वय का?

आठवीपर्यंत अम्मीच्या मागे मागे फिरणारा मुलगा नववीत दार लावून बसू लागतो. "काय झाले?" विचारले की "काही नाही" एवढेच उत्तर येते. आईबापांना वाटते, पोर हाताबाहेर गेले. खरे तर ते वाढत असते. या वयात भावना जोरात उसळतात, आणि त्यांना आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे छोटा अपमान डोंगराएवढा वाटतो. वर्गात कुणी हसले, तर जग संपल्यासारखे होते. मित्र काय म्हणतील, हे घरच्यांच्या शब्दापेक्षा जड होते.

याच चार-पाच वर्षांत आपल्या मुलांवर एकदम बरेच काही येऊन पडते. गावातली उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते आणि दुसऱ्या गावी जावे लागते. दहावीची बोर्डाची परीक्षा येते. अकरावीला माध्यम बदलते. मुलींच्या बाबतीत "आता पुरे" हा विषय घरात निघतो, मुलांच्या बाबतीत "चार पैसे कमव" हा. शाळा सुटते ती बहुधा याच वळणावर, आणि एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरणे कठीण असते.

याहून कठोर वास्तवही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसते. पण "मी कुणालाच सांगू शकत नाही" ही भावना त्या कारणांत वारंवार दिसते. म्हणून मूल ज्याच्याशी बोलू शकेल असा एक मोठा माणूस जवळ असणे, ही चैनीची गोष्ट राहत नाही.

एका बेटावरची मुले

हौसला कुठून येतो याचा सर्वांत जुना आणि चिकाटीचा शोध हवाई द्वीपसमूहातल्या कवाई नावाच्या बेटावर घेतला गेला. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधक स्त्रियांनी 1955 साली त्या बेटावर जन्मलेल्या 698 मुलांची नोंद ठेवली आणि त्यांची चाळिशी येईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांतली पुष्कळ मुले उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांची होती. साधारण एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्माच्या वेळचे आजारपण, घरातली भांडणे, बापाचे दारूचे व्यसन, आईचे मानसिक आजार असे अनेक धोके एकत्र आले होते.

ही मुले बिघडणार असेच सगळ्यांना वाटत होते. अनेकांना शिकण्यात आणि वागण्यात अडचणी आल्याही. पण या धोक्यातल्या मुलांपैकी दर तीनांत एक मूल चांगले, जबाबदार, प्रेमळ माणूस म्हणून वाढले. त्यांचे काय वेगळे होते? काहींचा स्वभाव मनमिळाऊ होता, हे खरे. पण त्याबरोबर प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक तरी माणूस असा होता, ज्याने त्या मुलाला जसे आहे तसे आपले मानले. कधी आजी, कधी मावशी, कधी शेजारीण. आणि घराबाहेरच्या माणसांत वारंवार एक नाव येत असे, ते म्हणजे आवडत्या शिक्षकाचे. तो शिक्षक त्यांना नुसता धडे शिकवणारा वाटला नव्हता. ज्याच्याकडे पाहून आपण कसे व्हावे हे कळते, असा तो माणूस होता.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. किशोरवयात वाट चुकलेल्या मुलांपैकी बरीच मुले तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. पुढे पुन्हा शिकायची संधी मिळाली, नोकरी मिळाली, चांगला जोडीदार मिळाला, श्रद्धेचा आधार मिळाला आणि ती उभी राहिली. म्हणजे सोळाव्या वर्षी पडलेले मूल कायमचे पडलेले नसते. हे आईबापांनी लक्षात ठेवावे आणि शिक्षकांनीही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टेन यांनी 2001 साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलांना सावरणाऱ्या गोष्टी अद्भुत नसतात, अगदी साध्या असतात, असे त्यांचे म्हणणे आहे. जिव्हाळ्याचे नाते, थोडीशी शिस्त, आपल्याला काहीतरी जमते ही जाणीव, उद्याची आशा. रोजच्या जगण्यातलीच ही जादू आहे, आणि शाळा ही रोजचीच जागा आहे.

शिक्षक नेमके काय करतो?

"मुलांना आधार द्या" असे सगळेच म्हणतात. पण साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात आधार द्यायचा म्हणजे काय करायचे? आम्ही आमच्या आणि सहकाऱ्यांच्या वर्गांत जे पाहिले, त्यातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे दखल घेणे. हजेरी घेताना नजर वर करून मुलाकडे पाहणे. चार दिवस गैरहजर असलेल्या मुलाला "कुठे उंडारत होतास?" असे न विचारता "घरी सगळे ठीक आहे ना?" असे विचारणे. आमच्या शाळेत एक मुलगा रोज पहिला तास बुडवायचा. शिक्षा करून झाली, काही फरक पडला नाही. एका सहकाऱ्याने त्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, तेव्हा कळले की त्याचे अब्बा आजारी आहेत आणि पहाटे दुधाच्या पिशव्या टाकण्याचे काम तो करतो. त्या दिवसापासून मुख्याध्यापकांशी बोलून त्याला अर्धा तास उशिरा येण्याची मुभा मिळाली. त्याच्या घरची अडचण शाळेने सोडवली नाही, ती शाळेच्या हातात नव्हती. पण ती अडचण कुणाला तरी ठाऊक आहे, एवढ्यानेच तो मुलगा शाळेत टिकला.

दुसरी गोष्ट म्हणजे चूक दाखवताना भरवसा देणे. अमेरिकेत डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. मुलांनी निबंध लिहिले, शिक्षकांनी त्यावर नेहमीसारख्या दुरुस्त्या केल्या. काही वह्यांवर एक साधी चिठ्ठी चिकटवली होती. काहींवर वेगळी चिठ्ठी होती. तिचा आशय असा होता की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून या दुरुस्त्या. दुसरी चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी कितीतरी जास्त मुलांनी निबंध पुन्हा लिहून दिला. सर्वांत मोठा फरक काळ्या मुलांमध्ये, आणि त्यातही शाळेवरचा ज्यांचा विश्वास उडालेला होता त्यांच्यात दिसला. "आपल्याला इथे कमीच लेखतात" असे ज्या मुलाला वाटते, त्याला लाल शाईचा अर्थ अपमान असा लागतो. त्याच शाईखाली एक वाक्य भरवशाचे असेल, तर अर्थ बदलतो. आपल्या मुलांच्या बाबतीत हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भरवसा देणे म्हणजे खोटी शाबासकी देणे नव्हे. बत्तीस गुण मिळालेल्या मुलाला "छान, छान" म्हटले तर ते त्याला लगेच कळते. "तुझी उदाहरणाची मांडणी बरोबर आहे, भागाकारात चुकतोस, रोज पाच उदाहरणे करून दाखव," हे त्याला उपयोगी पडते. यात चूकही आहे आणि वाटही आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे जबाबदारी सोपवणे. ज्या मुलाला सगळे टाळतात, त्याच्या हातात एखादे काम द्यावे. ग्रंथालयाची नोंदवही, प्रयोगशाळेची किल्ली, स्नेहसंमेलनाच्या मंडपाची मोजमापे. अभ्यासात मागे असलेली मुले अशा कामांत पुष्कळदा सर्वांच्या पुढे असतात. "हे मला जमते" ही जाणीव एका ठिकाणी आली की दुसरीकडेही झिरपते. गणिताला घाबरणारा मुलगा मंडपाच्या कापडाचा हिशोब बिनचूक करतो. मग त्याच हिशोबावरून त्याला क्षेत्रफळ शिकवता येते.

चौथी गोष्ट म्हणजे पुढचा रस्ता दाखवणे. निराशा पुष्कळदा अज्ञानातून येते. दहावीत दोन विषय राहिले म्हणजे वर्ष गेले, असे आजही अनेक घरांत समजतात. खरे तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास होते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला बसता येते. शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही खुला आहे. आयटीआय आहे. कॉलेज तालुक्याला आहे म्हणून मुलीला घरी बसवायची वेळ आली, तर बारावीपर्यंतच्या मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे. ही माहिती एखाद्या शिक्षकाने घरी येऊन, चहा घेत, दादीसमोर सांगितली तर तिचे वजन वेगळे पडते. वाट दिसली की पाय आपोआप उचलतो.

माध्यम बदलताना

आपल्या समाजातल्या मुलांची एक अडचण इतरांना सहज दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल वेगळे लिहितो. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली, वर्गात पहिली येणारी मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि तिथे सगळे इंग्रजीत असते. खुलासा मराठीत होतो. तिला उत्तर येत असते, पण शब्द येत नसतो. पहिल्या महिन्यात ती एक-दोनदा हात वर करते. कुणीतरी हसते, आणि हात खाली जातो तो खालीच राहतो. दिवाळीपर्यंत ती स्वतःला ढ समजू लागते. वर्षाअखेरीस घरात सांगते, "मला नाही शिकायचे." घरचे समजतात, अभ्यास झेपला नाही.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांतून शिकवतो, त्यामुळे ही पडझड जवळून पाहिली आहे. यावरचा उपाय खर्चिक नाही. आमच्याकडच्या एका मुलीने तीन रकान्यांची वही केली. पहिल्या रकान्यात मुसल्लस, दुसऱ्यात त्रिकोण, तिसऱ्यात ट्रायंगल. रोज दहा शब्द. तीन महिन्यांत वही भरली. पण त्या वहीपेक्षाही तिच्या कॉलेजातल्या एका मराठी मॅडमचे वाक्य तिला जास्त उपयोगी पडले, असे ती सांगते. मॅडम वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "हिला ही गोष्ट तीन भाषांत सांगता येते. तुमच्यापैकी कुणाला येते?" हसणे थांबले. उणीव समजली जाणारी गोष्ट एका वाक्यात जमेची झाली.

रामेश्वरमचा एक विद्यार्थी

शिक्षकाच्या आधाराचे आपल्या देशातले सर्वांत परिचित उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे आहे. 'अग्निपंख' हे त्यांचे आत्मकथन मराठीत घरोघरी वाचले गेले आहे. त्यात यशापेक्षा शिक्षकच जास्त भेटतात.

रामेश्वरमच्या शाळेत लहानगा कलाम पुरोहिताच्या मुलाशेजारी बसत असे. नव्या शिक्षकाला ते रुचले नाही आणि त्यांनी त्याला मागच्या बाकावर पाठवले. त्या मुलाचे वडील लक्ष्मण शास्त्री रामेश्वरमच्या मंदिराचे पुरोहित होते. त्यांनीच त्या शिक्षकाला बोलावून खडसावले. पुढे शिवसुब्रमण्य अय्यर या विज्ञानाच्या शिक्षकांनी कलामांना घरी जेवायला बोलावले. त्यांच्या पत्नीने आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मुसलमान मुलाला वाढायला नकार दिला. अय्यर सरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी स्वतः वाढले आणि मुलाशेजारी बसून जेवले. निघताना त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितले. मुलगा कचरला, तेव्हा त्यांनी त्याला समजावले की रीत बदलायची तर अशा अडचणी येणारच. पुढच्या खेपेला त्यांच्या पत्नीने त्याला स्वतः आत नेऊन वाढले.

या प्रसंगाकडे लोक बहुधा जातिधर्माच्या एकोप्याची गोष्ट म्हणून पाहतात. आम्हाला त्यात शिक्षकाचे कसब दिसते. एका मुलाचा अपमान होत होता. सरांनी तो अपमान नाकारला नाही, आणि त्याला तिथून पळूही दिले नाही. स्वतः त्याच्या शेजारी बसले. हौसला असाच तयार होतो. संकट टळत नाही, पण त्या वेळी मूल एकटे नसते.

रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कूलमध्ये घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या कलामांना इयादुराई सॉलोमन या शिक्षकांनी मोठी स्वप्ने पाहायला शिकवले. पुढे वायुसेनेत वैमानिक होण्याची त्यांची संधी थोडक्यात हुकली. जागा आठ होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. ते खचले, आणि तरी उठले. तोवर त्यांच्या पाठीशी किती हात होते, हे लक्षात घेतले की त्या उठण्याचे फार नवल वाटत नाही.

"गोश्त तुमचे, हाडे आमची"

पूर्वी मुलाला उस्तादाच्या हवाली करताना आपल्याकडचे बुजुर्ग म्हणायचे, "गोश्त तुमचे, हाडे आमची." म्हणजे हवे तेवढे मारा, फक्त शिकवा. आजही काही पालक शाळेत येऊन हेच सांगतात. त्यांच्या मनात शिक्षकाबद्दल आदरच असतो. पण मार खाऊन मूल कणखर होते, ही समजूत खरी नाही. मार खाल्लेले मूल लपवायला शिकते, खोटे बोलायला शिकते, किंवा आपण वाईटच आहोत असे मानू लागते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. "तुझ्या बापाला जमले नाही, तुला काय जमणार?" हे वाक्य छडीइतकेच त्या कलमात बसते.

याचा अर्थ शिस्त नको असा नाही. ढिलाईनेही मुले उभी राहत नाहीत. गृहपाठ वेळेवर मागावा, खोटेपणा खपवून घेऊ नये. मुलांना कडक शिक्षक चालतो, अन्यायी चालत नाही.

शिक्षकाची मर्यादा

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सरकारने प्रत्येक शिक्षकावर समुपदेशनाचे काम सोपवावे. हे एवढे सोपे नाही, आणि याचा पुरावा आपल्याच देशात आहे. गोव्यातील संगत या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2018 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र समुपदेशक नेमला, काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकाकडे दिले. भित्तिपत्रक, मुलांसाठी पत्रपेटी, चर्चा, अडचणीतल्या मुलांशी एकट्याने बोलणे असे एकूण काम होते. जिथे समुपदेशक होता तिथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधली उदासी आणि दांडगाई कमी झाली. जिथे शिक्षकाकडे काम दिले होते, तिथे असा फरक दिसला नाही.

आम्हा शिक्षकांना हे वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. शिक्षकाकडे आधीच सर्वेक्षण, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते. शिवाय ज्याच्या हातात गुण आहेत, त्याच्याकडे मन मोकळे करायला मूल बिचकते. परिपत्रक काढून जिव्हाळा तयार होत नाही. शाळेला समुपदेशक हवाच, आणि पालकसभेत ती मागणी आपण करायला हवी. शिक्षकाचे काम समुपदेशकाचे नाही. पहिल्यांदा लक्षात येणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, हे त्याचे काम आहे.

काही वेळा मुलाला नुसता दिलासा पुरत नाही. आठवड्यांमागून आठवडे झोप उडणे, जेवण सुटणे, मित्रांना तोडणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नये. नजर लागली म्हणून ताईत बांधून वाट पाहू नये. मुलाला शांतपणे, थेट विचारावे, "जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?" असे विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतही बोलता येते. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावेत. दुआ करावीच, आणि इलाजही करावा.

घराने काय करावे?

शिक्षक आणि घर एकमेकांचे हात धरतात तेव्हा मुलाला दुप्पट बळ मिळते. त्यासाठी पाच साध्या गोष्टी सुचवतो.

शाळेत फक्त निकालाच्या किंवा तक्रारीच्या दिवशी जाऊ नका. काहीही काम नसताना वर्षातून दोनदा जा. अब्बांनीही जावे, सगळे अम्मीवर सोडू नये.

घरात काही मोठे घडले असेल, म्हणजे आजारपण, नोकरी जाणे, मयत, भांडण, तर वर्गशिक्षकांना दोन वाक्यांत कळवा. सगळे सांगायची गरज नाही. "सध्या घरी अडचण आहे, लक्ष असू द्या," एवढे पुरे.

मुलासमोर शिक्षकाची टवाळी करू नका. मतभेद असेल तर शाळेत जाऊन बोला. ज्याच्याबद्दल घरात हसतात, त्याचा आधार मूल घेत नाही. मात्र मुलाने एखाद्या शिक्षकाच्या मारहाणीची किंवा वाईट वागण्याची तक्रार केली, तर ती झिडकारूही नका. नीट ऐका आणि मुख्याध्यापकांपर्यंत न्या.

चुलत-मावस भावंडांशी गुणांची तुलना थांबवा. शादीच्या दावतीत "किती टक्के?" हा प्रश्न कुणी विचारला, तर मुलाच्या वतीने तुम्ही उत्तर द्या, "मेहनत चालू आहे, दुआ करा."

आणि शेवटचे. आज रात्री जेवताना मुलाला किंवा मुलीला विचारा, "तुझ्या शाळेत तुला सर्वांत जवळचे कोण वाटते?" नाव आले तर त्या सरांना, त्या बाजींना एक फोन करा आणि शुक्रिया म्हणा. आमच्या पेशात तक्रारीचे फोन पुष्कळ येतात, असा फोन वर्षाकाठी एखादा येतो, आणि तो आला की पुढच्या दहा मुलांसाठी आम्हाला बळ मिळते. नाव आलेच नाही, मूल गप्प राहिले, तर तेही उत्तरच समजा. मग लवकरच शाळेची वाट धरा, आणि आपल्या मुलाला ओळखणारा एक माणूस तिथे शोधा. तो तिथे असतो. बऱ्याचदा तोही कुणीतरी विचारण्याची वाट पाहत असतो.